‘नशेत होतो’ म्हटल्याने जबाबदारी सुटत नाही

होळी पेटली की दुसऱ्या दिवसासाठी टाके घालण्याचे सामान आदल्या रात्रीच निर्जंतुक करून ठेवायचे, ही माझी अनेक वर्षांची सवय आहे. धुळवडीला दुपारपर्यंत डोळ्यात रंग गेलेली मुले येतात. दुपारनंतर येतात ती फुटलेली डोकी, मोडलेले हात आणि तोंडाला दारूचा वास. पोळ्याच्या करीला, एकतीस डिसेंबरला आणि लग्नाच्या वरातीतही कमीअधिक प्रमाणात हेच घडते. आज या दुखण्यांच्या उपचाराबरोबरच त्यांच्या जबाबदारीविषयी लिहिणार आहे. मी वकील नाही. परंतु सरकारी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पोलीस केसचे दाखले लिहिताना आणि न्यायालयात साक्ष देताना जे शिकलो, ते आपल्याला उपयोगी पडेल असे वाटते.

काही वर्षांपूर्वीच्या धुळवडीची गोष्ट. सायंकाळी सातच्या सुमारास चार मित्रांनी एका तरुणाला बाजेवर घालून माझ्याकडे आणले. शेतात मटणाचा बेत होता. जेवण आटोपून परतताना हा मुलगा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसला होता. ट्रॅक्टर चालवणाराही प्यालेला होता. चाक धुऱ्यावर चढले आणि मुलगा डोक्यावर आपटला. क्षणभर बेशुद्ध झाला, मग उठून बसला, बोललाही. सर्वांना हायसे वाटले. अर्ध्या तासाने तो झोपला व घोरू लागला. “जास्ती झाली त्याला, उतरली की उठल,” असे म्हणून मित्रांनी त्याला आंब्याखाली निजवले. त्यात पाच तास गेले.

माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती व नाडी मंद पडली होती. ताबडतोब नांदेडला पाठवले, पण तो वाटेतच गेला. कवटीच्या आत रक्त साठून मेंदूवर दाब आला होता. अशा दुखापतीत रुग्ण काही काळ शुद्धीवर येतो, बोलतो आणि मग हळूहळू गुंगीत जातो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर पुष्कळ रुग्ण वाचतात.

इतका उशीर का केला, असे मी त्या मित्रांना विचारले. एक म्हणाला, “साहेब, पोलिसांचं लफडं नको म्हणून थांबलो.” दुसरा म्हणाला, “आम्ही सगळेच नशेत होतो, आमचा काय दोष?” या दोन उत्तरांमुळेच आजचा लेख लिहावा लागत आहे. कारण ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

दारू उतरते कधी?

आधी शरीराचा हिशेब पाहू. साठ मिलिलिटरचा एक मोठा पेग म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या दारूत साधारण २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. आपले यकृत तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम मद्यार्क जाळते. म्हणजे एक मोठा पेग शरीरातून जायला दोन ते तीन तास लागतात आणि चार पेगांना आठ तासांहून अधिक वेळ लागतो. लिंबूपाणी, ताक, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ किंवा मुद्दाम केलेली उलटी यांनी हा वेग वाढत नाही. माणूस ताजातवाना दिसतो एवढेच. रात्री एक वाजेपर्यंत पिऊन पहाटे सहाला मोटारसायकलला किक मारणारा माणूस बहुधा अजून नशेतच असतो.

मोटार वाहन कायद्याने वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मद्यार्काची मर्यादा घातली आहे. साठ किलो वजनाच्या माणसाने रिकाम्या पोटी एकच मोठा पेग घेतला तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. त्यामुळे ‘मी थोडीच घेतली होती’ या वाक्याला अर्थ उरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ही शिक्षा केवळ पिऊन वाहन चालवल्याची आहे. कोणाला इजा झाली तर त्याची कलमे वेगळी लागतात.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे एक समजूत आहे की नशेत माणसाला भान नसते, म्हणून न्यायालय दया दाखवते. प्रत्यक्षात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम २३ व २४ आणि त्याआधीच्या भारतीय दंड संहितेतील कलम ८५ व ८६ यांचे म्हणणे एकच आहे. एखाद्याला त्याच्या नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध नशा चढवली आणि त्यामुळे आपण काय करतो हे समजण्याची शक्तीच त्याला उरली नाही, तरच त्याला सूट मिळते. जो स्वतःच्या हाताने पेला तोंडाला लावतो, तो शुद्धीत असता तर त्याला जे कळले असते ते नशेतही कळत होते, असे धरले जाते.

या विषयावरील एक जुना खटला लग्नाच्या पंक्तीतला आहे. मार्च १९५४ मध्ये पंजाबातील हरिगढ गावचे लोक दुसऱ्या गावी लग्नाला गेले होते. वधूच्या घरी दुपारच्या जेवणाची वेळ होती आणि दारू भरपूर झाली होती. बासदेव नावाच्या निवृत्त लष्करी जमादाराने पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला जरा सरकून बसायला सांगितले. मुलगा हलला नाही. जमादाराने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली आणि मुलगा मेला. पकडल्यावर जमादार भानावर आला व क्षमा मागू लागला. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो प्यालेला होता हे खरे, पण चालत होता, बोलत होता, म्हणजे आपण काय करतो हे त्याला समजत होते. त्याची जन्मठेप कायम राहिली. जेवायच्या जागेवरून झालेल्या बोलाचालीत एक जीव गेला आणि दुसऱ्याचे आयुष्य तुरुंगात गेले.

दुसरा खटला आपल्या महाराष्ट्रातला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक अॅलिस्टर परेरा प्यालेला होता. खालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. हा नुसता निष्काळजीपणा मानला गेला नाही. पिऊन भरधाव वाहन हाकणाऱ्याला आपल्यामुळे कोणी मरू शकेल याची जाणीव असते, असे धरून त्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले गेले.

पाजणारा, किल्ली देणारा, भरीस घालणारा

एका प्रौढ माणसाने स्वतःहून दारू प्यायली आणि नंतर काही केले, तर केवळ पाजली म्हणून यजमान गुन्हेगार ठरतोच असे नाही. परंतु यजमान दरवेळी नामानिराळा राहतो असेही नाही.

वय हा पहिला मुद्दा. महाराष्ट्रात एकवीस वर्षांखालील मुलाला सौम्य बिअरसुद्धा विकता येत नाही आणि कडक दारूसाठी ही मर्यादा पंचवीस वर्षांची आहे. अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. “आज सण आहे, घे रे एक घोट,” म्हणणाऱ्या काका-मामांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरा मुद्दा वाहनाचा. अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद असून वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण अडवले होते, हे त्याला स्वतःला सिद्ध करावे लागते. त्याच कायद्याच्या कलम १८८ प्रमाणे, पिऊन वाहन चालवायला जो उत्तेजन देतो त्यालाही चालकाइतकीच शिक्षा आहे. ‘काही होत नाही, चल, तूच चालव’ म्हणणारा मित्र यात येऊ शकतो.

१९ मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यातील कल्याणीनगरात घडलेली घटना आपण सर्वांनी वाचली आहे. पार्टीहून परतणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर मुलाच्या वडिलांना अटक झाली. दारू देणाऱ्या हॉटेलांच्या मालक व व्यवस्थापकांपैकी काहींना अटक झाली. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील दोन डॉक्टरांनाही अटक झाली. गाडी एकाच्या हातात होती, पण चौकशी किती दारांपर्यंत गेली ते पाहा.

तिसरा मुद्दा जागेचा. परवाना नसलेल्या धाब्यावर दारू पिऊ देणारा धाबेवाला आणि तिथे बसून पिणारा, दोघांवरही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा दाखल होतो.

हातभट्टीविषयीही सांगतो. बनावट दारूत मिथेनॉल असेल तर ते लगेच कळत नाही. बारा ते चोवीस तासांनी पोटात दुखते, डोळ्यांपुढे धुके येते, दृष्टी जाते, माणूस दगावतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात अशा दारूने शंभराहून अधिक लोक मेले. २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने त्या प्रकरणी चौघांना दहा वर्षांची शिक्षा दिली. गेलेली माणसे आणि गेलेले डोळे त्याने परत येत नाहीत.

भांडण आणि तुटलेला दात

धुळवडीच्या मारामारीनंतर लोक म्हणतात, “दातच पडला ना, त्यात काय एवढं!” कायद्याने हाड मोडणे, निखळणे किंवा दात तुटणे ही ‘गंभीर दुखापत’ आहे. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, तसेच पंधरा दिवस तीव्र वेदना असणे किंवा नेहमीचे काम करता न येणे हेही तिच्यात येते. जाणूनबुजून अशी दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घातक शस्त्र वापरले तर शिक्षा आणखी वाढते. थट्टेत विहिरीत ढकलले आणि माणूस बुडाला, तर ‘गंमत केली’ हा बचाव नव्हे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास आता पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

विम्याचे पैसे

प्यालेल्या चालकाने दुसऱ्याला उडवले तर जखमीला भरपाई मिळावी म्हणून न्यायाधिकरण अनेकदा विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावते आणि मग ते वाहनमालकाकडून वसूल करण्याची तिला मुभा देते. म्हणजे शेवटी जमीन विकायची वेळ मालकावरच येऊ शकते. शेतीच्या ट्रॉलीत माणसे बसवली असतील तर कंपनी बहुधा सुरुवातीलाच हात वर करते.

स्वतःच्या अपघात विम्याचेही तेच. हिमाचल प्रदेशात १९९७ साली वन महामंडळाचा एक चौकीदार मरण पावला. दारूच्या नशेत उलटीतले अन्न श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरला होता. त्याच्या पत्नीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले की हा मृत्यू विम्याच्या अटींप्रमाणे ‘अपघात’ नव्हे, त्यामुळे विमा कंपनी पैसे देणे लागत नाही. डॉक्टर म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. असा मृत्यू पुष्कळदा नुसते कुशीवर वळवल्याने टळतो.

“डॉक्टरसाहेब, पडला असं लिहा”

ही विनंती प्रत्येक सणाला होते. काठीचा मार असतो आणि ‘पायरीवरून पडला’ असे लिहायला सांगतात. आपलेपणाने सांगतात हे मला समजते, परंतु ते मला करता येत नाही व कोणत्याही डॉक्टरने करू नये. जखमेचा आकार, तिची जागा आणि दारूचा वास हे मी जसे आहे तसे लिहितो. दारू प्यालेला असणे आणि दारूच्या अंमलाखाली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर चाल, बोलणे, डोळ्यांच्या बाहुल्या पाहून व गरजेप्रमाणे रक्त तपासणीला पाठवून त्या वेगळ्या नोंदवतो. खरा दाखला निरपराध माणसालाही वाचवतो, हे विसरू नये.

आणि पोलिसांची भीती? एका जखमी स्कूटरस्वाराला रुग्णालयाने ‘ही पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या’ म्हणून परत पाठवले आणि तो वाटेत मेला. त्यावरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निकाल दिला की प्रत्येक डॉक्टरने, सरकारी असो वा खाजगी, आधी जीव वाचवायचा आणि कागद नंतर करायचे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ तर रस्त्यावरच्या अपघातातील जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. तो स्वतः साक्षीदार व्हायला तयार नसेल तर त्याला नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

ज्याच्या हातून अपघात झाला त्याला हे संरक्षण नाही, हे खरे. परंतु जखमीला उपचार मिळवून देणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि पळून जाणे हा वेगळा गुन्हा ठरतो. शिवाय साधा हिशेब पाहा. जखमी वाचला तर खटला दुखापतीचा राहतो, मेला तर मृत्यूचा होतो. त्या आंब्याखालच्या पाच तासांनी त्या मुलाचे नुकसान केले, तसेच त्याच्या मित्रांचेही केले.

दारूची झोप की मेंदूचा मार?

प्यालेल्या माणसात पुढीलपैकी एकही खूण दिसली तर वाट पाहू नये :

१. पडल्याचा किंवा डोक्याला मार लागल्याचा प्रसंग, मग नंतर तो कितीही नीट बोलला असो.
२. हलवून, चिमटा काढूनही न उठणे.
३. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या कमीजास्त असणे.
४. कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी येणे.
५. वारंवार उलट्या, आकडी, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे.
६. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, अंग गार पडणे, ओठ निळे होणे.
७. दुसऱ्या दिवशी डोळ्यांना अंधुक दिसणे.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत रुग्णाला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. उंचावरून पडला असेल तर मान न वाकवता सर्व अंग एकत्र वळवा. तोंडात पाणी, ताक, लिंबू काहीही घालू नका. एकाने शुद्धीत राहून सतत जवळ बसा. मार कधी लागला ती वेळ डॉक्टरांना खरी सांगा.

आपल्या गावाहून नांदेडच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचायला तास-दीड तास लागतो, हे मनात धरून निर्णय घ्या. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये योजना लागू केली असून तिच्यात नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार आहेत. म्हणून पैशासाठीही थांबू नये.

सणाच्या आधी ठरवा

दारू न पिणे हे सर्वांत चांगले, हे डॉक्टर म्हणून मी सांगणारच. पण जे पिणार आहेत त्यांनी निदान एवढे करावे. कोण पिणार नाही हे सकाळीच ठरवून सर्व वाहनांच्या किल्ल्या त्याच्याकडे द्याव्यात. ट्रॅक्टर त्या दिवशी दारातच उभा ठेवावा. मुलांना पंक्तीपासून दूर ठेवावे. बाटली उघडल्यावर नदी व विहीर वर्ज्य समजावी. जेवढे गेले तेवढे परत आले का, हे मोजूनच घरी जावे.

तो मुलगा गेला त्याला बरीच वर्षे झाली. त्याचे वडील अजूनही कधीमधी रक्तदाब तपासायला माझ्याकडे येतात. मुलाविषयी ते बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पोरांनी मला नुसता निरोप धाडला असता, तरी मी त्याला पाठीवर घेऊन आलो असतो.”